पाठपोट पाहणाऱ्या मावशी

बेटमावशींच्या हातात कुठलाही कागद पडला की त्या तो आधी उलटा करायच्या. पुढची बाजू नंतर. औषधांची पावती, विजेचं बिल, दारात खोचलेलं पिझ्झाचं पत्रक, लग्नाची पत्रिका, कशाचीच यातून सुटका नव्हती. मी त्यांना वाढदिवसाचं कार्ड दिलं, तेव्हा त्यांनी ते उलटं करून कुठे छापलंय ते मन लावून वाचलं आणि मग पुढचे गुलाब पाहिले. मी हसले. "हस तू," त्या म्हणाल्या. "पुढची जागा संपली की माणूस मागे लिहितो. आणि तोवर त्याला मुद्द्याचं आठवलेलं असतं."

मी त्यांची भाडेकरू. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. यजमान वारलेले, मुलगा टेक्ससला. मी नागपूरहून एमएस करायला आलेली, नुकती नोकरीला लागलेली. कंपनीने माझ्या व्हिसाचा अर्ज टाकला होता आणि निकाल लागायचा होता. घरी मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणत, पण त्या वर्षी मी कळसच गाठला. रस्त्यात पोलिसांची गाडी हळू झाली की मी मिळेल त्या दुकानात शिरायचे. अनोळखी नंबरचा फोन मी उचलत नसे. फोनमधले जुने फोटो, जुन्या पोस्ट, सगळं पुसून टाकलं होतं. कॉलेजच्या मोर्चातला एक फोटोसुद्धा पुसला, आणि तो मोर्चा मेसच्या जेवणाविरुद्ध होता.

'बेटमावशी' हे नाव मराठी मंडळातल्या लोकांनी ठेवलेलं. न्यूयॉर्कला नदीकाठी जगातल्या सगळ्या देशांची जी संस्था आहे, तिथे त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. त्यांचं खातं परक्या सत्तेखालच्या मुलखांचं. हे मुलूख आपला कारभार आपण करू लागेपर्यंत राज्य करणारा देश तिथे कसा वागतो, यावर संस्थेने लक्ष ठेवायचं, अशी व्यवस्था. आता उरलेत ती बहुतेक बेटंच, म्हणून बेटमावशी. तिथल्या कुणालाही, कोळ्याला, मास्तरला, नर्सबाईला, थेट न्यूयॉर्कला अर्ज करता येई. आमची जमीन घेतली, आम्हाला मत देऊ देत नाहीत, आमचं ऐका. ते अर्ज मावशींच्या टेबलावर येत. त्या ते नोंदवत, गोषवारा काढत आणि समितीपुढे ठेवत. "आपल्या आजोबांच्या नशिबात असं टेबल नव्हतं," त्या म्हणायच्या. "त्यांना लंडनलाच लिहावं लागे. चोराकडे चोरीची तक्रार!"

त्यांच्या बैठकीच्या खोलीत जगाचा मोठा नकाशा होता आणि परक्या सत्तेखालच्या प्रत्येक मुलखावर एक लाल टाचणी. एखादा मुलूख स्वतंत्र झाला की त्या टाचणी उपटायच्या आणि नारळाच्या वड्या करून खात्यात वाटायच्या. नकाशात ठिकठिकाणी बारीक भोकं दिसायची. सुरुवातीच्या वर्षांत म्हणे वड्या करून करून हात भरून यायचा. पुढे टाचण्या हलेनाशा झाल्या. शेवटच्या वड्या केल्याला किती वर्षं झाली, असं विचारलं तर त्या विषय बदलायच्या, पण फ्रीजरमध्ये खवलेल्या खोबऱ्याचं पाकीट मात्र कायम असायचं.

दुसरी सवय पोच देण्याची. अर्ज आला त्याच दिवशी, घरी जायच्या आत, अर्ज करणाऱ्याला पोच गेलीच पाहिजे, हा त्यांचा नेम होता. "पोच म्हणजे उत्तर नव्हे, मदतही नव्हे," त्या सांगत. "तुझा कागद माणसाच्या हातात पडला, एवढंच. पण त्या एवढ्यावर लोक वर्षं काढतात गं." हा नेम त्यांनी घरातही लावला. येताना दूध आणते, असा मी मेसेज केला की लगेच 'मिळाले, ६.१०' असं यायचं. त्यांच्या मेसेजला मी काही पाठवलं नाही तर संध्याकाळी माझी खरडपट्टी निघायची.

आणि नावं. फोनवर त्या कुणाचंही नाव घ्यायच्या नाहीत. मुलगा म्हणजे 'टेक्सस', कोपऱ्यावरचा गुजराती भाजीवाला म्हणजे 'मेथी', मी 'नागपूर'. "मावशी, तुम्ही काय गुप्तहेर आहात का यार?" असं मी एकदा विचारलं. त्या हसल्या नाहीत. "नाव एकदा भलत्या माणसाकडे गेलं की परत मागता येत नाही," एवढंच म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या. मला वाटलं, म्हातारपणाचा विक्षिप्तपणा. आता बघा, मी हे लिहिते आहे आणि मीही कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी त्यांना जुन्या खात्यातून फोन आला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मावशींच्या बाजूने नुसतं "येस, येस, ऑफ कोर्स." फोन ठेवला आणि त्यांच्या हातातला डाव जमिनीवर पडला. तो उचलायचंही त्यांना सुचेना. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, टेक्ससचं काही बरंवाईट झालं. तसं काही नव्हतं. त्यांच्या एका बेटावरची बाई समितीपुढे बोलायला न्यूयॉर्कला येणार होती आणि आमच्याकडे उतरणार होती. यात घाबरण्यासारखं काय, ते त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होत्या.

नियम असा होता, की आलेल्या प्रत्येक अर्जाची एक प्रत राज्य करणाऱ्या देशाला पाठवायची. त्यांचंही म्हणणं ऐकून घ्यायला हवं ना! म्हणजे गव्हर्नरविरुद्ध लिहिलेला कागद फिरून गव्हर्नरच्याच टेबलावर. हे ठाऊक असलेले लोक अर्जात लिहीत, की आमची नावं कळवू नका. मग मावशी सह्यांचं पान काढून ठेवत आणि बाकीची प्रत पाठवत. एकदा त्या बेटावरच्या सहा शिक्षकांचा अर्ज आला. तिथले आणखी कुणीकुणी तुरुंगात होते, त्यांच्याबद्दलचा. पुढून सगळं स्वच्छ टाइप केलेलं, खाली सहा सह्या. नावं न कळवण्याची विनंती शेवटच्या पानाच्या मागे, पेन्सिलीने.

"शुक्रवार होता," मावशी म्हणाल्या. "मंडळाच्या नाटकाची तालीम होती. मला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. पाचची गाडी गाठायची होती. पोच टाइप केली, प्रत पाकिटात घातली आणि पळाले. पान उलटलं नाही."

दोन महिन्यांनी त्याच बेटावरून वहीच्या कागदावर एक पत्र आलं. नऊ वर्षांच्या मुलीचं. माझे बाबा आणि त्यांच्या शाळेतले पाच जण घरी आलेले नाहीत, बाबांनी तुम्हाला पत्र पाठवलं होतं, ते मिळालं का? मावशींनी फाइल काढली, शेवटचं पान उलटलं आणि ती पेन्सिलीची ओळ वाचली. त्या साहेबाकडे गेल्या. साहेब म्हणाला, प्रत तर नियमाप्रमाणेच गेली आहे, त्यांनी विनंती ठळक लिहायला हवी होती. मावशी टेबलावर परत आल्या आणि त्यांनी मुलीला पोच दिली. दोन्ही पत्रं मिळाली. ते सहा जण पुढे कधीच परतले नाहीत. मावशींनी नाटक सोडलं. मुलगी मात्र लिहीत राहिली, मावशी दर वेळी त्याच दिवशी उत्तर देत राहिल्या. मुलीची बाई झाली, त्याच शाळेत शिकवू लागली, मावशींना 'ऑन्टी' म्हणू लागली. त्यांच्याकडून तिने पोचेची सवयही उचलली. इतक्या वर्षांत तिने मावशींचं एकही पत्र पोचेविना ठेवलं नव्हतं. तिच्या लेखी या सगळ्या जगात एकाच माणसाने तिला उत्तर दिलं होतं. पान उलटायचं राहिलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"तिला सांगायला हवं," मावशी म्हणाल्या. "ती तिथे बोलायच्या आत. नाहीतर ती भर सभेत माझे आभार मानेल गं. ते कायमचं नोंदीत जाईल." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी एवढी भित्री, पण इतकं घाबरलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरात पाहुणी आली. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, मोठ्याने हसणारी. आल्या आल्या तिने मावशींना मिठी मारली ती सोडेचना. मावशी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होत्या, वाचव म्हटल्यासारख्या. पाहुणीलाही तिची भीती होतीच. ती खिडकीकडे पाठ करून बसायची. बोलून परत गेल्यावर विमानतळावर काय होईल, शाळेतली नोकरी राहील का, हे ती हसत हसत सांगायची आणि सांगताना सुपारीएवढा कागदाचा बोळा करत राहायची. तीन दिवस आम्ही तिघी एका घरात तीन वेगवेगळ्या भीती घेऊन राहिलो. मावशी रोज सकाळी ठरवून टेबलाशी बसायच्या, "आय हॅव टू टेल यू समथिंग," असं सुरू करायच्या आणि पाहुणीने मान वर केली की म्हणायच्या, "थालीपीठ गरम आहे तोवर खा." तीन दिवसांत त्या बाईने किती थालीपिठं खाल्ली असतील, देव जाणे.

बरोबर एक सोबती नेता येत होता. मावशी गुडघ्याचं कारण सांगून मोकळ्या झाल्या आणि सोबत्याचा फॉर्म माझ्यापुढे आला. नाव, पासपोर्ट नंबर, सही. "मावशी, माझं व्हिसाचं पिटिशन पेंडिंग आहे," मी म्हटलं. "असल्या पॉलिटिकल ठिकाणी माझं नाव गेलं आणि तिकडे कुणी चेक केलं तर? कॅमेरे असतात तिथे. लाइव्ह दाखवतात." मला वाटलं त्या म्हणतील, काही होत नाही. तसं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "होऊही शकतं," त्या म्हणाल्या. "नको वाटत असेल तर नको जाऊ. पण भीती वाटते म्हणून लाजू नकोस. घाबरणाऱ्या माणसानेच कागद हाताळावेत. मला त्या शुक्रवारी भीती वाटत नव्हती." मी फॉर्म उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. मग सही केली.

भाषणाच्या दिवशी सकाळी निघताना पाहुणी लिफ्टपाशी पोचली, तेव्हा मावशींनी माझ्या हातात एक पाकीट कोंबलं. आत त्या शेवटच्या पानाची पाठपोट काढलेली छायाप्रत होती आणि मावशींनी स्वतः लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र. "हॉलच्या दारात दे तिला," त्या कुजबुजल्या. "मी समोर नसताना. आणि सांग, की पान न उलटणारी म्हणून भाषणात माझं नाव घे. पूर्ण नाव. मी लिहून दिलंय." जन्मभर ज्या बाईने भाजीवाल्याचंसुद्धा नाव फोनवर घेतलं नाही, ती हे सांगत होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं.

न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेनमध्ये ते पाकीट माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स मी पोटाशी धरून बसले होते. पाहुणी शेजारी आपलं टाइप केलेलं भाषण ओठ हलवत वाचत होती. शेवटच्या परिच्छेदात मावशींचे आभार होते, मला दिसले. थर्टी-थर्ड स्ट्रीटला उतरून आम्ही पूर्वेकडे चालत निघालो. मी स्वेटर, टोपी, मास्क असा सगळा जामानिमा केला होता, ऊन असूनसुद्धा. दर चौकात मला वाटायचं, देऊच नये. ही कोसळली तर? बोलता आलं नाही तर? इतक्या लांबून, नोकरी पणाला लावून आलेली बाई. पण मावशींचा तो चेहरा आठवायचा. हॉलबाहेरच्या बाकावर ती पाणी प्यायली, आणि मी पाकीट दिलं.

तिने छायाप्रत काढली आणि मावशींसारखीच आधी उलटी केली. पेन्सिलीचं अक्षर तिने ओळखलं असावं, कारण तिने त्यावर बोट ठेवलं आणि ते ओळीवरून हळूहळू फिरवलं, शाळेत मुलं फिरवतात तसं. मग मावशींचं पत्र वाचलं. दोनदा. माझ्याकडे पाहिलं नाही. मी चाचरत मावशींचा निरोप सांगितला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

टेबलावर एक छोटा दिवा असतो. बोलायला लागलं की हिरवा, वेळ संपत आली की पिवळा, संपली की लाल. तिने टाइप केलेलं भाषण बाजूला ठेवलं. छायाप्रत उलटी करून समोर धरली. तिने बापाने मागे लिहिलेली ओळ वाचली: 'कृपया आमची नावं त्यांना कळवू नका.' मग म्हणाली, "हे पान कुणीतरी उलटून पाहिलं नाही. ती नावं आज मी तुम्हाला देते." आणि तिने सहा नावं वाचली. एकेक, सावकाश, प्रत्येकामागे थांबून. सहावं तिच्या बापाचं. दिवा पिवळा झाला. सातवं नाव येणार होतं. मावशी घरी माझ्या लॅपटॉपपुढे बसून त्याचीच वाट पाहत होत्या. पाहुणीने मावशींच्या पत्राची घडी घातली, "थँक यू, मिस्टर चेअरमन," म्हणाली आणि उठली. दिवा अजून पिवळाच होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं. ती नदीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बाबांनी लिहिलंय ना, नावं देऊ नका. त्या सहांना आता कुणी काही करू शकत नाही. ऑन्टी जिवंत आहे." आणि म्हणाली, "पण मी आज तिच्या घरी येऊ शकत नाही." ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आपल्या बेटावरच्या लोकांकडे गेली. तिची बॅग दुसऱ्या दिवशी मीच पोचवली.

मी घरी आले तर मावशी बंद झालेल्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. "सहा झाली," त्या म्हणाल्या. "मग ती थांबली. वेळ संपली का गं?" मी खरं ते सांगितलं, नदीकाठचं बोलणंही. मावशी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. मीही रडले. मला त्यांचा राग आला होता, कीव आली होती, आणि माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं, हे सगळं एकदमच कळलं.

त्यानंतर टपालाची वाट पाहणं सुरू झालं. ती पोचली का? विमानतळावर काय झालं? फोन करायचा नाही, तिकडचे फोन ऐकले जातात, असं मावशींचं म्हणणं. रोज अकरा वाजता त्या दुखऱ्या गुडघ्याने चार मजले उतरून टपालपेटीपाशी उभ्या राहायच्या, लिफ्ट असताना, कारण लिफ्टची वाट पाहवायची नाही. तीन आठवड्यांनी एक पोस्टकार्ड आलं. मागे तीनच शब्द होते, 'मिळालं. सुखरूप पोहोचले.' मावशींच्या खात्याच्या जुन्या पोचेची भाषा. क्षमेचं त्यात काही नव्हतं. मावशींनी ते वाचलं, मग पुढची बाजू केली, आणि पुढचं बंदराचं चित्र कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "पोच दिली तिने," म्हणाल्या. त्या दिवशी फ्रीजरमधलं खोबरं निघालं. नकाशातली टाचणी जागच्या जागी होती, तरी वड्या झाल्या.

फेब्रुवारीत मावशी गेल्या. सकाळी चहा टाकताना पडल्या आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. टेक्ससहून मुलगा आला, घर आवरलं, नकाशा मला दिला. माझ्या व्हिसाचा निकाल नंतर लागला, मंजूर झाला. पाकीट आलं तेव्हा मी ते पत्र आधी उलटं केलं, मागे कोरं होतं, तरी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. भीती काही गेली नाही. आता ती माझ्या कामाला येते, एवढंच.

पाहुणीला कळवणं भाग होतं. मी हाताने पत्र लिहिलं. मावशी गेल्या, तुझं पोस्टकार्ड शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होतं. खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, पान उलटून पाहिलं, पाकीट बंद केलं. पत्र टाकून अकरा आठवडे झाले. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की आधी टपालपेटी उघडते. एकही पत्र पोचेविना न ठेवणाऱ्या त्या बाईची पोच अजून आलेली नाही.